किशोरवयीन नायिका आणि तिच्यावरचे जुने आक्षेप

सोळा-सतरा वर्षांची नायिका असलेल्या कादंबऱ्यांवर वाचक जे लिहितात, त्यात काही तक्रारी हमखास भेटतात. ती रडकी आहे, हट्टी आहे, दोन मुलांमध्ये अडकून बसली आहे, आईवडिलांना न विचारता वागते, मुलींपुढे चुकीचा आदर्श ठेवते. नाहीतर याच्या अगदी उलट, ती इतकी शूर आहे की खरीच वाटत नाही. यातली कुठलीच तक्रार नवी नाही. ही पुस्तकं कोण विकत घेत होतं आणि कोणाच्या हाती देत होतं, हे काळानुसार बदलत गेलं. प्रत्येक बदलानं नायिकेत काहीतरी घातलं किंवा तिच्यातून काढलं. बोल मात्र दर वेळी तिलाच लागला.

सुरुवात थेट तपासणीतून झाली आहे. १८०२ मध्ये इंग्लंडमध्ये सारा ट्रिमर यांनी 'द गार्डियन ऑफ एज्युकेशन' हे नियतकालिक काढलं. मुलांची पुस्तकं पारखून पालकांना सल्ला देणं हा त्याचा हेतू. त्यात त्यांनी वाचकांचे दोन गट केले. चौदा वर्षांपर्यंतची मुलं हा पहिला आणि चौदा ते एकवीस वर्षांच्या तरुण व्यक्ती हा दुसरा. म्हणजे किशोरवाचक हा वेगळा गट मानला गेला तोच मुळी त्याच्या हाती काय पडू नये हे ठरवण्याच्या निमित्तानं. आजही कुणी 'मुलींनी हे वाचावं का?' असं विचारतं तेव्हा हाच जुना प्रश्न पुढे आलेला असतो. पुस्तक कसं आहे, हा निराळा प्रश्न आहे, आणि मतं मांडताना या दोन प्रश्नांची गल्लत सर्रास होते.

एकोणिसाव्या शतकात पुस्तक विकत घेणारे होते पालक, चर्चच्या रविवारच्या शाळा आणि शाळांचे बक्षीससमारंभ करणारी मंडळी. त्यामुळे नायिका खोडकर चालायची, पण तिला वळण लागलेलं दिसणं आवश्यक होतं. १८७२ च्या 'व्हॉट केटी डिड'मध्ये हे अगदी उघडं दिसतं. आत्या सांगते, आज झोपाळ्यावर बसायचं नाही. झोपाळ्याचा खिळा तडकला आहे हे कारण मात्र ती सांगत नाही. केटी बसते, पडते, पाठीला दुखापत होते आणि चार वर्षं अंथरुणाला खिळते. त्या काळात ती सोशिक होते आणि खोलीतूनच घर चालवू लागते. कारण सांगितलं असतं तर मुलांनी ऐकलं असतं, हे निवेदिका स्वतःच बोलून दाखवते. तरी शिक्षा केटीलाच. लेखिकेला अन्याय दिसत होता, पण पुस्तकाच्या घडणीत तो दुरुस्त करायला जागा नव्हती.

'लिटिल विमेन'ची गोष्ट याहून बोलकी आहे. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सचे थॉमस नाइल्स यांनी लुइझा मे ऑलकॉट यांच्याकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं. ऑलकॉटना ते काम फारसं मनापासून करायचं नव्हतं. १८६८ मध्ये पहिला भाग आला. ही चार बहिणींची गोष्ट. ती सुरू होते तेव्हा त्यांतली 'जो' नावाची नायिका पंधरा वर्षांची आहे, आणि भाग संपतो तेव्हा तिचं लग्न झालेलं नाही. मग वाचक मुलींची पत्रं येऊ लागली की या बहिणींची लग्नं कोणाशी होणार? जो लॉरीशीच लग्न करणार ना? ऑलकॉटना जो अविवाहित लेखिका राहायला हवी होती. शेवटी १८६९ च्या दुसऱ्या भागात त्यांनी तिचं लग्न लावलं, पण लॉरीशी नव्हे, वयानं बऱ्याच मोठ्या प्राध्यापक भेअरशी. दीडशे वर्षं वाचक या लग्नावर भांडत आहेत. 'जो असं कसं करू शकते' हा राग खरं तर मागणी आणि तिला दिलेला अर्धा नकार यांच्यामधल्या तडजोडीवरचा राग आहे.

इथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटनमध्ये हा दुसरा भाग 'गुड वाइव्ज' या नावाने स्वतंत्र पुस्तक म्हणून विकला गेला. त्यामुळे ज्यांनी फक्त पहिलं पुस्तक वाचलं त्यांची जो स्वतंत्र बाण्याची, आणि ज्यांनी दोन्ही एकत्र वाचले त्यांची जो संसारात पडलेली. नाव एकच, नायिका दोन. मतभेद ऐकताना आधी कोणती आवृत्ती वाचली हे विचारावं.

आवृत्तीचा हा घोळ सर्वांत जास्त झाला तो रहस्यं उलगडणाऱ्या नॅन्सी ड्रूच्या बाबतीत. २८ एप्रिल १९३० रोजी मालिकेची पहिली तीन पुस्तकं एकदम आली. कल्पना एडवर्ड स्ट्रेटमायर यांची. त्यांची संस्था कथानकाचा आराखडा द्यायची, लेखक ठरावीक मानधनावर पुस्तक लिहून द्यायचा आणि मुखपृष्ठावर कॅरोलिन कीन हे कल्पित नाव छापलं जायचं. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. ही नॅन्सी सोळा वर्षांची होती, निळी गाडी भरधाव हाकायची, मोठ्यांना सडेतोड उत्तर द्यायची. १९५९ पासून जुनी पुस्तकं पुन्हा लिहायला घेतली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली, वर्णद्वेषी पात्रं आणि त्यांची बोली काढली गेली, नॅन्सी अठरा वर्षांची झाली. पात्रांबाबतचा बदल आवश्यकच होता. पण त्याच झाडणीत नॅन्सीचा फटकळपणाही गेला आणि ती जास्त गोड, जास्त आज्ञाधारक झाली. म्हणून एक वाचक 'बंडखोर नॅन्सी' म्हणतो आणि दुसरा 'गुळगुळीत नॅन्सी', तेव्हा दोघंही बरोबर असू शकतात. प्रत हातात असेल तर प्रकरणं मोजा, वीस की पंचवीस, आणि सुरुवातीला तिचं वय काय दिलं आहे ते पाहा.

अनेक ग्रंथपालांनी अशा मालिका कपाटात ठेवायलाच नकार दिला. साच्यातलं, घाईनं लिहिलेलं लेखन, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो सगळाच चुकीचा नव्हता. पण मुलींनी ती पुस्तकं पैसे साठवून घेतली, एकमेकींना दिली. वाचणारी मुलगी पालकांना वळसा घालून स्वतःच गिऱ्हाईक होऊ लागली ती इथून.

१९४२ च्या मॉरीन डेली यांच्या 'सेव्हन्टीन्थ समर'चा उल्लेख या इतिहासात नेहमी येतो आणि तो यायलाच हवा. सतरा वर्षांची अँजी एका उन्हाळ्यातलं आपलं पहिलं प्रेम स्वतः सांगते. उन्हाळा संपतो, ती कॉलेजसाठी शिकागोला निघते आणि प्रेम मागे राहतं. लग्न नाही, अपघात नाही, शिक्षाही नाही. हे पुस्तक मोठ्यांची कादंबरी म्हणून छापलं होतं, कारण किशोरांसाठी वेगळा विभागच तेव्हा नीट उभा नव्हता. मुलींनी ते आपलं मानलं. १९४४ मध्ये 'सेव्हन्टीन' मासिक निघालं, आणि अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेत किशोरसेवेचा स्वतंत्र विभाग १९५७ मध्ये झाला. वाचक आधी आले, कपाट नंतर.

त्यापुढची एक विसंगती फारशी बोलली जात नाही. आधुनिक किशोरकादंबरीची सुरुवात बहुतेक अभ्यासक १९६७ च्या 'द आउटसायडर्स'पासून मानतात. ती लिहिली हिंटन नावाच्या एका मुलीनं, पंधराव्या वर्षी सुरू करून, आणि प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नायक मात्र मुलगा. पुरुष समीक्षक मुलीचं नाव पाहून पुस्तक बाजूला टाकतील म्हणून प्रकाशकाने पहिल्या नावाऐवजी एस. ई. ही आद्याक्षरं छापायला सुचवलं. वास्तव, कठोर, गंभीर असं जे मानलं गेलं ते मुलाच्या आवाजात, आणि मुलीचा आवाज म्हणजे हळवं, हलकं. ही वाटणी तिथे पक्की झाली आणि अजून सुटलेली नाही. नायक चिडला की तो दुखावलेला, नायिका चिडली की ती आततायी. मला तरी या सबंध विषयातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

शरीरसंबंधांच्या बाबतीत शिक्षेचा साचा मोडला १९७५ मध्ये. ज्युडी ब्लूम यांच्या मुलीनं त्यांना विचारलं होतं, दोन चांगली मुलं एकमेकांच्या जवळ येतात आणि तरी कुणी मरत नाही, अशी गोष्ट का नाही? तोवर अशा कादंबऱ्यांत मुलीच्या वाट्याला गर्भारपण, घाईचं लग्न किंवा मृत्यू ठरलेला असे. 'फॉरेव्हर'मधली कॅथरीन डॉक्टरकडे जाते, गर्भनिरोधनाची माहिती घेते, निर्णय घेते आणि पुढे ते प्रेम ओसरतं. एवढंच घडतं. प्रकाशकाने ते मोठ्यांचं पुस्तक म्हणून जाहीर केलं. तरी ते शाळांच्या ग्रंथालयांतून काढण्याच्या मागण्या वर्षानुवर्षं होत राहिल्या. १९८२ मध्ये नॅन्सी गार्डन यांनी 'अॅनी ऑन माय माइंड'मध्ये सतरा वर्षांच्या दोन मुलींचं प्रेम लिहिलं आणि शेवटी दोघींना एकत्र ठेवलं. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत त्याच्या प्रती जाळल्या गेल्या. जवळच्या ओलेथा शाळामंडळाने पुस्तक काढून टाकलं, विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले, आणि १९९५ मध्ये न्यायाधीशांनी ते परत ठेवायला लावलं. या दोन्ही पुस्तकांवरचा मुख्य आक्षेप एकच होता. नायिकेला भोगावं लागत नाही.

ऐंशीच्या दशकात मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानांनी व्यवहार बदलला. कागदी बांधणीची स्वस्त पुस्तकं मुली स्वतः उचलू लागल्या. १९८३ ची 'स्वीट व्हॅली हाय' ही त्याचीच निर्मिती. संकल्पना फ्रान्सिन पास्कल यांची, लेखन पडद्याआडच्या लेखकांचं. सोळा वर्षांच्या जुळ्या बहिणींचं वर्णन 'अगदी अचूक सहा नंबरचा पोशाख बसणाऱ्या' असं होतं. २००८ मध्ये पुस्तकं पुन्हा छापताना तो आकडा चार, म्हणजे आणखी बारीक, केला गेला. शरीराच्या मापाबद्दल मुलींच्या मनात काय भरवलं जातं, यासाठी याहून नेमका पुरावा शोधावा लागत नाही.

१९८३ मध्येच टमोरा पियर्स यांची अलाना आली, मुलाचा वेश घेऊन सरदारकीचं शिक्षण घेणारी. मूळ हस्तलिखित मोठ्यांसाठीची एकच जाडजूड कादंबरी होतं. सल्लागार एजंटनं सुचवल्यावर त्याचे किशोरांसाठी चार भाग झाले. तलवार चालवणाऱ्या नायिकांच्या आजच्या रांगेचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

मग २००५ मध्ये 'ट्वायलाइट', २००८ मध्ये 'द हंगर गेम्स', २०११ मध्ये 'डायव्हर्जंट'. आजच्या बहुतेक मतांची भाषा याच सहा वर्षांत घडली, म्हणून इथे लेखनतंत्राकडे नीट पाहायला हवं.

नायिका आत्मकेंद्री वाटते, ही पहिली तक्रार. 'द हंगर गेम्स'नंतर प्रथमपुरुषी वर्तमानकाळ फार रुळला. भूतकाळात सांगणारी निवेदिका 'तेव्हा मला कळलं नाही' असं म्हणू शकते. वर्तमानकाळात ती सोय नाही. चाळिसाव्या पानावरचा तिचा गैरसमज दोनशेव्या पानापर्यंत तसाच राहतो. वाचकाला चूक आधी दिसते, तिला दिसत नाही, आणि चिडचिड सुरू होते. पारखायची सोपी रीत अशी, की खटकलेलं एक पान घ्या आणि तृतीयपुरुषी भूतकाळात लिहून पाहा. खटकणं गेलं तर दोष निवेदनाचा, राहिलं तर पात्राचा.

दुसरी तक्रार प्रेमाच्या त्रिकोणाची. तीन भागांची मालिका साधारण वर्षाला एक भाग या गतीनं येते, म्हणून वाचकाला बांधून ठेवणारा एक प्रश्न वर्षभर उघडा ठेवावा लागतो. कोणता मुलगा, हा सर्वांत स्वस्त उघडा प्रश्न. त्याची किंमत मधला भाग देतो. कारण तिथे काहीच ठरू द्यायचं नसतं आणि नायिका उगाच द्विधा दिसते. प्रत्येक भागातले तिचे असे निर्णय कागदावर लिहावेत जे मागे घेता येत नाहीत. दुसऱ्या भागात असा एकही सापडला नाही तर ती मुलगी दुबळी नाही, भाग ताणलेला आहे.

आईवडील गायब असतात हेही खरं, कारण ते असले तर निर्णय त्यांचा होईल. फरक पडतो तो गायब करण्याच्या पद्धतीनं. 'द हंगर गेम्स'ची नायिका कॅटनिस अकरा वर्षांची असताना वडील खाणीच्या स्फोटात जातात, आई दुःखात मिटून जाते, आणि घर पोसायला ही मुलगी शिकारीला लागते. सोळाव्या वर्षीचा तिचा संशयी, कोरडा स्वभाव त्यातूनच येतो. आई दौऱ्यावर, बाबा ऑफिसात, एवढंच सांगितलं असेल तर ती लेखकाची पळवाट.

'कणखर नायिका' हा शब्द तर जपूनच वापरावा. १९९९ च्या 'स्पीक'मधली मेलिंडा नववीत जाणारी, बलात्कारानंतर बोलणंच बंद झालेली मुलगी आहे. काही वाचकांनी तिला निष्क्रिय म्हटलं. तिच्या गप्प राहण्याला कारण आहे, आणि शेवटी तिचा आवाज फुटतो तो क्षण कुठल्याही धनुष्यबाणाइतका कष्टाचा आहे.

नायिका दिसते कशी, यावरही दुकानदारीचा हात फिरला. २००९ मध्ये जस्टीन लार्बालेस्टिए यांच्या 'लायर'च्या अमेरिकी आवृत्तीवर गोऱ्या मुलीचं छायाचित्र छापायचं ठरलं, नायिका कृष्णवर्णीय असताना. लेखिका आणि वाचक यांच्या निषेधानंतर प्रकाशकाने मुखपृष्ठ बदललं. पुस्तकावर मत देताना मुखपृष्ठावरची मुलगी आणि आतली मुलगी एकच आहे का, हे ताडून पाहणं तेव्हापासून अनेकांना सुचू लागलं.

आता शेवटचा बदल, खरेदीदारांचाच. २०१२ मध्ये बाउकर या पुस्तकव्यवसायाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं दाखवलं, की १२ ते १७ वयासाठीच्या पुस्तकांचे ५५ टक्के खरेदीदार १८ वर्षांवरचे होते, आणि त्यात सर्वांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा. बहुतेकांनी ती स्वतःसाठीच घेतली होती. प्रौढ वाचकाला सतरा-अठराची, जवळजवळ स्वतंत्र नायिका जास्त रुचते. सेंट मार्टिन्स प्रेसनं २००९ मध्ये 'न्यू अॅडल्ट' हे नाव पुढे आणलं ते याच वाचकासाठी. तरी मोठ्यांच्या चवीची बरीच पुस्तकं किशोरांच्याच कपाटात राहिली. 'तेराव्या वर्षीच्या मुलीला हे फार मोठं होतं' ही पालकांची तक्रार म्हणून अनेकदा रास्त असते, पण ती नायिकेविरुद्ध नसून त्या कपाटाविरुद्ध आहे. बारापर्यंतची पुस्तकं एका बाजूला, सतराची नायिका दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये चौदा वर्षांची मुलगी. तिच्या वयाची, तिच्याच अडचणींची नायिका आज शोधावी लागते.