कोड दिसतो म्हणून ओपन सोर्स म्हणायचं का?

‘ओपन सोर्स सीएमएस, लायसन्स खर्च शून्य’ एवढं वेबसाइटच्या कोटेशनमध्ये वाचलं की सोलापुरातला चादर-टॉवेलचा कारखानदार पुढचं काही विचारत नाही. विचारायला हवं. सीएमएस म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ज्यांचा कोड दिसतो आणि जे फुकट डाउनलोड होतात, असे सीएमएस दोन प्रकारचे असतात.

वर्डप्रेस, द्रुपल, जुमला हे खरे ओपन सोर्स. तिघांचाही परवाना जीपीएल, आवृत्ती 2 किंवा पुढची. वापरा, बदला, विका. तुमची उलाढाल कोणी विचारत नाही.

दुसऱ्या प्रकाराला ‘सोर्स अव्हेलेबल’ म्हणतात. कोड वाचता येतो, बदलताही येतो, पण वापरावर अट असते. डायरेक्टस या सीएमएसचंच घ्या. आवृत्ती 9 पर्यंत परवाना जीपीएल 3 होता. 2023 साली आवृत्ती 10 पासून बीएसएल 1.1 हा अटी घालणारा परवाना आला. त्यानुसार संस्थेचं वार्षिक उत्पन्न, बजेट किंवा मिळालेला निधी यांतला सर्वात मोठा आकडा 50 लाख डॉलरच्या आत असेल तर फुकट. त्यावर गेलं की चालू साइटसाठी पैसे मोजावे लागतात. नुसती चाचणी करायला हरकत नाही. ही रक्कम चाळीस कोटी रुपयांच्या वर जाते, म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या छोट्या युनिटला चिंता नाही, पण मोठ्या निर्यातदाराने हिशेब करावा. शिवाय ही उलाढाल साइट वापरणाऱ्या कारखान्याची धरायची, साइट बनवून देणाऱ्याची नव्हे. प्रत्येक आवृत्ती तीन वर्षांनी जीपीएलखाली येते खरी, पण तोवर शिळी झालेली असते, आणि शिळी आवृत्ती इंटरनेटवर उघडी ठेवणं म्हणजे हॅकरला आमंत्रण.

ओळखायला गिटहबवर रेपोच्या, म्हणजे त्या सीएमएसचा कोड ठेवलेल्या जागेच्या, पहिल्याच पानावरची लायसन्सची फाइल उघडा. माहितीपानावरच्या जाहिरातीवर जाऊ नका. आतली फोल्डरंही पाहा: स्ट्रापी या सीएमएसचा मुख्य कोड एमआयटी या खुल्या परवान्याखाली आहे, पण ‘ईई’ नावाच्या फोल्डरांना वेगळा, व्यावसायिक परवाना आहे. बाहेरून कोड लिहून देणाऱ्यांकडून कंपनी सीएलए नावाचा, त्या कोडचे हक्क स्वतःला देणारा करार लिहून घेते का, हेही तपासा. त्यात हक्क पुरेसे व्यापक असले, तर उद्या कंपनी एकटी परवाना बदलू शकते. वर्डप्रेसमध्ये हक्क असंख्य लोकांत विखुरलेले आहेत, त्यामुळे तिथे हे जवळजवळ अशक्य.

पण परवाना चोख असला म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये वर्डप्रेस डॉट ऑर्गने, म्हणजे वर्डप्रेसचे अपडेट पुरवणाऱ्या साइटने, डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचा (ग्राहकांच्या साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणारी) प्रवेश बंद केला, आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या एसीएफ या प्लगइनचं (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) पान ताब्यात घेऊन नाव बदललं. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ते पूर्ववत झालं. मधल्या काळात त्या होस्टिंगवरच्या साइटमालकांची अडचण झाली. जीपीएल कोडचा हक्क देतं. अपडेट पुरवणारा सर्व्हर आणि नाव यांचा नाही. म्हणून प्लगइनच्या झिप फाइली आणि बॅकअप स्वतःजवळ ठेवा, डोमेन स्वतःच्या नावावर घ्या.

डेव्हलपरकडून साइटचा ताबा घेताना आणखी एक पाहा. डेव्हलपरने खास तुमच्यासाठी लिहिलेल्या प्लगइनची पीएचपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वर दोन-चार ओळी आणि खाली नुसता अगम्य अक्षरांचा ढीग दिसला, तर कोड एन्कोड केलेला, म्हणजे वाचता येऊ नये असा करून ठेवलेला आहे. वर्डप्रेसवर बेतलेला पीएचपी कोड जीपीएलखालीच द्यावा, अशी त्या प्रकल्पाची भूमिका आहे. वाचता येणारा कोड मागा आणि तो हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्या.