जुन्या नेपाळी कुकऱ्यांचा संग्रह : पार्श्वभूमी

कुकरी ही नेपाळच्या डोंगराळ भागात लाकूड तोडण्यापासून बळी देण्यापर्यंत सर्व कामांना वापरली जाणारी, वाकड्या पात्याची मोठी सुरी आहे. काठमांडूच्या छाउनी येथील राष्ट्रीय संग्रहालयात १५५९ मध्ये गोरखा राज्याची स्थापना करणाऱ्या द्रव्य शाह यांची म्हणून एक कुकरी दाखवली जाते. कर्नल विल्यम कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये नेपाळला गेले होते आणि १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात कुकरीचे चित्रही आहे. मात्र परक्यांच्या हाती कुकऱ्या मोठ्या संख्येने आल्या त्या १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात, विजयचिन्हे म्हणून. त्या काळातील पाती पुढच्या शतकातील पात्यांपेक्षा सहसा लांब, अरुंद आणि खोल वळणाची असतात.

गोरखा सैनिकांची भरती कंपनी सरकारने १८१५ मध्येच सुरू केली. १८५७ मध्ये दिल्लीच्या टेकडीवर इंग्रजांच्या सिरमूर या गोरखा पलटणीने जो वाडा लढवला, तो कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुराव यांचा, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या मेहुण्यांचा होता. या लढाईनंतर इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये कुकरीचे आकर्षण फार वाढले. चांदीच्या नक्षीने मढवलेल्या म्यानाची ‘कोथीमोरा’ कुकरी निरोपाच्या वेळी भेट देण्याची प्रथा पडली आणि अशा कुकऱ्या इंग्लंडमधील घराघरांत पोहोचल्या. घराण्यात चालत आलेली कथा वस्तूसोबत विकली जाते, पण ती पुरावा ठरत नाही. धातू, मूठ आणि खुणा यांचीच साक्ष घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. पात्याचा मुठीत जाणारा भाग बारीक असून राळेने पक्का केला आहे, की तो मुठीइतकाच रुंद असून खिळ्यांनी जडवला आहे. मुठीजवळची ‘काउडी’ नावाची खाच कशी कापली आहे. म्यानात ‘कर्दा’ हा छोटा चाकू आणि धार सावरण्यास व ठिणगी पाडण्यास उपयोगी पडणारे ‘चकमक’ मूळचेच आहेत, की नंतर घातलेले, हे सगळे तपासावे लागते. नेपाळातील राणा पंतप्रधानांच्या राजवटीत (१८४६–१९५१) सरकारी कुकऱ्यांच्या पाठीवर देवनागरीत पलटणीच्या व शस्त्रागाराच्या खुणा कोरल्या जात. युरोपातील संग्राहकांना त्यांचे वाचन कष्टाने शिकावे लागते. आपल्याला अक्षरे ओळखीची असतात. मात्र वर्ष दिसले, तर आपल्या सवयीने ते शक मानून ७८ मिळवू नयेत. तेथे सामान्यतः विक्रम संवत असतो आणि त्यातून ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. संवत १९६७ म्हणजे इसवी सन १९१०–११.

कुकऱ्यांच्या संग्रहाच्या छंदाला सर्वांत मोठे वळण २००३ मध्ये मिळाले. काठमांडूतील लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात साठलेली शस्त्रे नेपाळ सरकारने इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या अमेरिकी कंपन्यांना विकली, त्यात बंदुकांबरोबर पूर्व नेपाळातील भोजपूरच्या धाटणीच्या आणि लांब पात्याच्या असंख्य कुकऱ्या होत्या. दुर्मीळ मानली जाणारी वस्तू एकाएकी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली, आणि खुणा असलेली पाती शेजारी ठेवून तुलना करणे प्रथमच शक्य झाले. साठा असा विखुरला याची हळहळ वाटते, कारण कोणती कुकरी कोणत्या ढिगात, कोणत्या पलटणीच्या सामानाजवळ होती, हा संदर्भ आता परत मिळणार नाही.

नेपाळच्या १९५६ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. भारतातही १९७२ चा पुरावशेष कायदा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंसाठी शंभर वर्षांचीच मर्यादा घालतो आणि खाजगी व्यक्तीला त्यांच्या निर्यातीची मुभा देत नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धासाठी भारतात तयार झालेल्या, पात्यावर १९१६ किंवा १९१७ असे वर्ष ठोकलेल्या लष्करी कुकऱ्यांनीही आता ही मर्यादा ओलांडली आहे.