स्पार्क प्लग बदलणे आणि गॅप लावणे

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीचे झिजलेले स्पार्क प्लग काढून नवे बसवणे आणि बसवण्याआधी प्रत्येक प्लगच्या दोन इलेक्ट्रोडांमधले अंतर, म्हणजे गॅप, गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाला आणणे, हे इंजिनाच्या देखभालीतले नेहमीचे काम आहे. बहुतेक मोटारींत हा गॅप ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते, त्यामुळे तिथे स्पार्क प्लग नसतो. थंड इंजिन सुरू करायला मदत करणारा हीटर प्लग वेगळा.

गॅसवर चालणाऱ्या इंजिनात विजेच्या ठिणगीचा वापर एत्येन लेनवार याने १८६० मध्ये केला. पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च व्होल्टचा मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने वीज तयार करणारे यंत्र) आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, आणि मोटारींना भरवशाची ठिणगी मिळाली. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या, बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ‘मायको’ प्लग जुन्या फिटरांच्या ओळखीचे आहेत.

बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये वाढून हजारो व्होल्ट होतात आणि गॅपमधल्या वायूतून ठिणगी उडते. त्यासाठी किती व्होल्ट लागतील हे मुख्यतः अंतरावर आणि वायूच्या दाबावर ठरते. फ्रीडरिख पाशेन याने हा नियम १८८९ मध्ये मांडला. गॅरेजमध्ये प्लग काढून, इंजिनाला टेकवून, स्टार्टर मारून ‘करंट येतो का’ बघण्याची जी पद्धत आहे, तिची मर्यादा इथेच कळते. उघड्या हवेत दाब कमी असतो, त्यामुळे गॅप वाढलेला प्लगही तिथे छान ठिणगी देतो आणि सिलिंडरमध्ये दाबाखाली तोच प्लग चुकतो. शिवाय जवळ पेट्रोलची वाफ असते आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांत कॉइल जळण्याचीही भीती असते. नव्या गाड्यांवर ही चाचणी करू नये.

गॅप कमी पडला तर ठिणगी आखूड होते, तिच्याभोवतीची कोवळी ज्योत इलेक्ट्रोडांच्या धातूतच थंड होते आणि गाडी उभ्या जागी थरथरते. गॅप वाढला तर सपाटीवर काही जाणवत नाही. खंबाटकीच्या चढावर एसी चालू ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की ‘मिसिंग’ सुरू होते, म्हणजे मधूनमधून सिलिंडरातले मिश्रण पेटतच नाही. मारुती ८००सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग चुकला तरी एक तृतीयांश ताकद जाते, त्यामुळे ते लगेच कळते. न जळलेले पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि हजारो रुपयांचा तो भाग वितळू शकतो. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३०१ असा कोड आला तर पहिल्या सिलिंडरचे मिसिंग समजावे.

वापरात गॅप आपोआप वाढतो, कारण दर ठिणगीला इलेक्ट्रोडचा धातू सूक्ष्म प्रमाणात झिजतो. झिजताना कडा गोल होतात, आणि गोल कडेवरून ठिणगी उडायला धारदार कडेपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून जुना प्लग पॉलिश पेपरने घासून, वाकवून गॅप बरोबर केला तरी तो नव्यासारखा होत नाही. ही तात्पुरती सोय आहे. साध्या निकेल प्लगचे आयुष्य साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर. प्लॅटिनम आणि इरिडियमचे प्लग लाखाच्या आसपास जातात. इरिडियम २,४४६ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याचे टोक अवघे ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचे ठेवता येते आणि ठिणगी कमी व्होल्टवर उडते. नेमके अंतर मात्र पुस्तिकेतलेच पाळावे.

नवा प्लग ‘गॅप लावूनच येतो’ असे दुकानदार सांगतो. तरीही मोजावा, कारण वाहतुकीत एक धक्का पुरतो. निकेल प्लगमध्ये फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची मोजमापाची, पाती किंचित अडत सरकली पाहिजे. वापरलेल्या प्लगवर सपाट पाती फसवते: झिजेने पडलेल्या खळग्यावरून ती पुलासारखी आडवी राहते आणि गॅप कमी दाखवते. तिथे तारेचा गेज हवा. माप बदलताना बाजूचा इलेक्ट्रोडच वाकवायचा. मधल्या इलेक्ट्रोडचा टेकू घेतला की चिनी मातीच्या नळीला नजरेला न दिसणारी चीर जाते. इरिडियमच्या टोकाला नाण्यासारखा गोल गेज घासून लावणे हा तर प्लग मोडण्याचा हमखास मार्ग. तिथे तारेने हलकेच तपासावे आणि माप चुकीचे निघाल्यास प्लग बदलून घ्यावा.

प्लग थंड इंजिनावरच काढतात. इंजिनाच्या गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) जोर लावून काढला तर आटे सोबत येतात. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. जुन्या, डिस्ट्रिब्युटर (एकाच कॉइलची वीज प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेल्या गाडीत एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. काढलेले प्लग क्रमाने मांडावेत. टोकावर फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल तर सगळे ठीक. कोरडी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगते, ओले तेल पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवते आणि पांढरे, फोड आलेले टोक अति उष्णतेचे लक्षण असते. चिनी मातीवर धातूच्या कडेलगत दिसणारे तपकिरी वलय गळतीचे समजले जाते, पण ते उच्च दाबाच्या विजेने ओढलेल्या तेलकणांचे असते आणि निरुपद्रवी असते.

नव्या प्लगचे पहिले फेरे हातानेच द्यायचे. खोल खड्ड्यात हात पोहोचत नसेल तर प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घालून फिरवावा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि हेड वाचते. नवा, वायसर असलेला १४ मिलिमीटरचा प्लग वायसर टेकेपर्यंत हाताने आणि मग प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा घट्ट करतात. तोच प्लग पुन्हा बसवताना वायसर आधीच दबलेला असल्याने एक बारांश फेरा पुरे, आणि वायसर नसलेल्या शंकूच्या बैठकीला एक सोळांश. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वायसर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर. ढिला राहिलेला प्लग आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि तापून वेळेआधीच मिश्रण पेटवतो. जास्त आवळला तर आटे मरतात आणि मग हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवण्याची पाळी येते. आट्यांना ग्रीस लावले तर त्याच टॉर्कला प्लग ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो, म्हणून मुलामा असलेल्या प्लगना ते लावत नाहीत.

प्लगचा क्रमांक वाचता आला पाहिजे. एनजीके कंपनीच्या बीपीआर६ईएस या क्रमांकातला आर प्लगमध्ये विजेचा रोधक (रेझिस्टर) असल्याचे, ई १९ मिलिमीटर लांबीचे आटे असल्याचे सांगतो आणि ६ हा उष्णतेचा अंक आहे. एनजीके आणि डेन्सो यांचा अंक वाढला की प्लग थंड प्रकारचा, म्हणजे आपली उष्णता लवकर हेडला देणारा, होतो. बॉश आणि चॅम्पियनचे नेमके उलटे. एका कंपनीचा अंक दुसरीकडे तसाच मागितला तर काजळी धरणारा किंवा अति तापणारा प्लग हाती येतो.

मुंबई-पुण्यात सीएनजी गाड्या भरपूर आहेत आणि गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टची ठिणगी लागते. त्यामुळे गॅप थोडा वाढला तरी त्रास आधी गॅसवर दिसतो आणि प्लगही लवकर बदलावे लागतात. गाडी पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर मिसिंग करत असेल, तर महागडी कॉइल बदलण्याआधी प्लगचा गॅप मोजावा.