पॅराकॉर्ड विणकाम

पॅराकॉर्ड ही सुमारे ४ मिमी जाडीची, गोल आणि लवचिक नायलॉनची दोरी. तिला गाठी मारून किंवा तिचे पदर गुंफून मनगटपट्टा, किल्लीचा गोफ, शिट्टीची दोरी, बाटलीची जाळी, कुत्र्याचा पट्टा, हत्यारांच्या मुठी अशा रोजच्या वापराच्या वस्तू तयार करतात. या कामाला माग किंवा सुया लागत नाहीत. कात्री, मोजपट्टी, लायटर आणि दोरी ताणून धरायला एखादा खिळा किंवा चिमटा एवढ्यावर भागते. मात्र वस्तू टिकाऊ होणे न होणे तीन गोष्टींवर ठरते: दोरीचा दर्जा, गाठींचा एकसारखा ताण आणि टोकांचा शेवट.

नायलॉन १९३५ मध्ये ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवाई छत्र्यांना, म्हणजे पॅराशूटना, लागणाऱ्या दोऱ्या नायलॉनच्या बनू लागल्या आणि दोरीला नावही त्यावरूनच मिळाले. उडी मारून जमिनीवर उतरलेले छत्रीधारी सैनिक या दोऱ्या कापून घेत आणि सामान बांधायला वापरत. १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुसऱ्या देखभाल मोहिमेत अंतराळवीरांनी फाटलेल्या उष्णतारोधक आवरणाच्या दुरुस्तीसाठी हीच दोरी वापरली.

दोरीची रचना आणि पारख

विणकामात मुख्यतः ‘टाइप ३’ किंवा ‘५५०’ या नावाची दोरी वापरतात. अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-सी-५०४०एच या जुन्या मानकानुसार तिची तुटण्याची मर्यादा किमान ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो असते. बाहेर ३२ किंवा ३६ धाग्यांचे विणलेले आवरण असते आणि आत ७ ते ९ दोऱ्यांचा गाभा. मानकाप्रमाणे बनवलेल्या दोरीत गाभ्याची प्रत्येक दोरी तीन धाग्यांना पीळ घालून केलेली असते. बाजारातल्या साध्या दोरीत बहुधा दोनच धागे असतात. मनगटपट्ट्याला ते पुरते, पण भार घेणाऱ्या वस्तूला नाही.

विकत घेताना टोक उसवून गाभा बाहेर ओढून पाहावा. पीळ नसलेला, कापसासारखा फुललेला भराव निघाला तर ती दोरी शोभेच्या कामाची समजावी. दुसरी खूण पाण्यात कळते. तुकडा पाण्याखाली धरून, दाबून आतली हवा काढली की नायलॉन बुडते, पॉलिप्रोपिलीन मात्र तरंगते. पॉलिप्रोपिलीन उन्हाने लवकर ठिसूळ होते आणि घर्षणालाही कमी टिकते. पॉलिस्टरची दोरी नायलॉनपेक्षा कमी ताणते आणि ऊन जास्त सोसते, म्हणून कायम उघड्यावर राहणाऱ्या वस्तूंना ती बरी.

नवी नायलॉनची दोरी पहिल्यांदा भिजली की थोडी आखडते. मापाची वस्तू करायची असेल तर आधी ती गरम पाण्यात भिजवून सावलीत पूर्ण वाळवावी. हे टाळले तर नीट बसणारा पट्टा पहिल्या धुण्यानंतर मनगटाला काचू लागतो.

मनगटपट्टा: कोब्रा वीण

सर्वांत प्रचलित वीण कोब्रा. मॅक्रमे या गाठींच्या विणकामातली चौकोनी गाठींची माळ ती हीच. मधले दोन पदर स्थिर राहतात आणि बाजूचे दोन पदर त्यांच्याभोवती आलटून पालटून गाठी घेतात.

दोरीचा हिशेब साधा आहे. विणलेल्या प्रत्येक १ सेंमीला सुमारे १२ सेंमी दोरी लागते. त्यात मधल्या पदरांची लांबी म्हणून तयार मापाची दुप्पट मिळवायची आणि शेवटच्या गाठी हातात धरता याव्यात म्हणून आणखी २० ते ३० सेंमी ठेवायची. २० सेंमीच्या पट्ट्याला असे साधारण ३ मीटर होतात. घट्ट विणणाऱ्या हाताला जास्त लागते. दोरी शेवटी कमी पडली तर मागचे सगळे उसवण्याखेरीज नीट उपाय नसतो, त्यामुळे सुरुवातीला थोडी जास्तच कापणे शहाणपणाचे.

मनगटाच्या मापात २.५ सेंमी मिळवतात. हा आकडा अंदाजाने आलेला नाही. गोल वळवलेल्या पट्ट्याची आतली कड त्याच्या मधल्या लांबीपेक्षा लहान होते आणि हा फरक जाडी गुणिले ३.१४ इतका असतो. कोब्रा विणीची जाडी सुमारे ८ मिमी, म्हणून फरक अडीच सेंमीचा. कोब्रावरच दुसऱ्यांदा वीण घालून होणाऱ्या जाडजूड किंग कोब्राला याच कारणाने ४ सेंमीपर्यंत वाढ द्यावी लागते आणि दोरीही दुपटीच्या आसपास लागते.

दोरीचा मध्य काढून तिथला फास १६ मिमीच्या बकलच्या एका भागातून घालावा आणि दोन्ही टोके त्या फासातून ओढून घट्ट करावीत. मग टोके बकलच्या दुसऱ्या भागातून ओवून दोन भागांमधले अंतर मापाइतके जुळवावे. अंतर बकलचे दात सोडून, पण बकल मिटल्यावर मिळणारी लांबी धरून मोजायचे, कारण चूक बहुतेक इथेच होते. दुसऱ्या भागातून बाहेर आलेली टोके हे विणीचे पदर, तर बकलच्या दोन भागांमध्ये ताणलेले ते मधले पदर.

आता डावा पदर मधल्या पदरांवरून उजवीकडे न्यावा, म्हणजे डावीकडे एक फास राहतो. उजवा पदर त्याच्या टोकावरून खाली आणावा, मधल्या पदरांच्या मागून डावीकडे नेऊन त्या फासातून वर काढावा आणि दोन्ही टोके ओढावीत. ही अर्धी गाठ झाली. पुढची अर्धी गाठ उजवीकडून, त्याच्या उलट. नवशिक्यांनी दोन रंग जोडून विणावे. मग एकच नियम पुरतो: ज्या रंगाचा पदर पहिल्यांदा समोरून गेला, तोच दर वेळी समोरून जायला हवा. एका बाजूनेच सुरुवात होत राहिली की पट्टा मळसूत्रासारखा पिळत जातो. गाठ चुकल्याचे दोन-तीन गाठींतच दिसते आणि तेव्हाच उसवून घेणे सोपे असते.

ताण सारखा हवा, पराकाष्ठेचा नको. फार ओढून विणलेला पट्टा काठीसारखा ताठ होतो आणि मनगटावर वळत नाही. सैल विणलेल्यात वस्तू अडकतात आणि गाठी घसरतात. दर पाच-सहा गाठींनंतर वीण बकलकडे सरकवून दाबावी, म्हणजे मधले पदर कुठे उघडे राहत नाहीत.

शेवटी टोके विणीपासून ३ ते ४ मिमीवर कापून लायटरच्या निळ्या ज्योतीजवळ धरावीत. नायलॉन वितळून चकचकीत झाले की लगेच चमच्याच्या पाठीसारख्या धातूच्या सपाट भागाने विणीवर दाबावे. बोटाने दाबू नये. वितळलेले नायलॉन त्वचेला चिकटते आणि खोल भाजते. टोक पेटून काळा धूर आला तर तो भाग ठिसूळ होऊन पुढे तुटतो, म्हणून पुन्हा कापून नव्याने वितळवावे. खिडकी उघडी ठेवून हे काम करावे. दोन रंग जोडताना नुसती टोके वितळवून चिकटवलेला सांधा ओढीला सुटतो. त्यापेक्षा एका दोरीचा २ सेंमी गाभा कापून तिच्या रिकाम्या आवरणात दुसरीचे निमुळते केलेले टोक सारावे, मग वितळवावे आणि सांधा विणीच्या आत लपवावा.

इतर वस्तू

८ सेंमीच्या किल्लीच्या गोफाला याच विणीत सुमारे १.४ मीटर दोरी पुरते. कुत्र्याच्या पट्ट्याला चार पदरी गोल गोफ चांगला, कारण त्यात चारही पदर भार वाटून घेतात. प्रत्येकी ५ मीटरच्या दोन दोऱ्या कडीतून मध्यावर दुमडल्या की चार पदर होतात आणि मुठीसकट १.२ मीटरचा पट्टा निघतो. सर्वांत कडेचा पदर शेजारच्या दोघांच्या मागून नेऊन एकावरून परत आणायचा, मग दुसऱ्या कडेचा तसाच. कडी धातूचीच हवी.

हातोडी, कोयता यांच्या मुठीवर दोरी किंचित ओली करून गुंडाळली तर वाळल्यावर घट्ट बसते. लोखंडी मूठ असेल तर दोरीखाली ओल साचून गंज चढतो. आधी तेलाचा हात फिरवावा आणि अधूनमधून वेढे सोडून पाहावे. गळ्यात घालायच्या कोणत्याही दोरीला ओढताच सुटणारी कडी बसवणे अत्यावश्यक आहे. ५५० ची दोरी तुटत नाही, आणि ती यंत्रात किंवा दारात अडकली तर जीव जाऊ शकतो.

ताकदीविषयीचे गैरसमज

‘जीवरक्षक पट्टा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मनगटपट्ट्याविषयी दोन अपेक्षा चुकीच्या ठरतात. पहिली, विणल्याने ताकद कित्येक पट वाढते. कोब्रा विणीत ओढ मधल्या दोन पदरांवरच येते, बाजूच्या गाठी फक्त त्यांना वेढतात, आणि प्लॅस्टिकचे बकल दोरीच्या कितीतरी आधी सुटते. दुसरी, गरजेला दोरी चटकन मिळते. ३ मीटरची कोब्रा वीण एकेक गाठ सोडत उसवावी लागते आणि वितळवलेली टोके आधी कापावी लागतात. झटपट दोरी हवी असेल तर एक टोक ओढताच उलगडणारी साखळी वीण घालावी. तिला दोरी कमी मावते, पण हेतू साधतो.

दोरीला गाठ मारली की तिची ताकद बरीच उतरते, काही गाठींत निम्म्यावर येते. भिजलेले नायलॉनही थोडे कमजोर होते. म्हणून टांगलेल्या स्थिर ओझ्यासाठी तुटण्याच्या मर्यादेचा पाचवा ते दहावा हिस्सा, म्हणजे २५ ते ५० किलो धरावा. गिर्यारोहणाला, माणूस उचलायला किंवा सोडायला पॅराकॉर्ड वापरू नये. ताणलेल्या दोरीवरून दुसरी दोरी सरसर ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने ताणलेली दोरी क्षणात वितळून तुटते.

मळलेल्या वस्तू कोमट पाण्यात सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात. ब्लीच आणि आम्ल नायलॉनला खातात. बॅटरीतल्या आम्लाचा थेंब पडलेली दोरी दिसायला धड असली तरी भारासाठी वापरू नये. रंग विटून आवरण खरखरीत झाले किंवा फाटून आतला गाभा दिसू लागला की कुत्र्याचा पट्टा आणि बाटलीची जाळी बदलावी. बकल आणि कडी काढून पुन्हा वापरता येतात.