'अनुन्नाकी' म्हणजे आकाशातून आलेले? सुमेरी शब्दच तपासू

अनुन्नाकी हा प्राचीन सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या, देवांचा एक समूह. 'अनुन्नाकी म्हणजे स्वर्गातून पृथ्वीवर आलेले, म्हणून ते परग्रहवासी' हा दावा गेली पन्नासेक वर्षं फिरतोय. आधार एवढाच, की सुमेरी भाषेत 'अन' म्हणजे आकाश आणि 'की' म्हणजे पृथ्वी. हे दोन्ही अर्थ अगदी बरोबर आहेत. 'अन-की' म्हणजे आकाश-पृथ्वी, अवघं विश्व.

पण हा शब्द तसा बनलेलाच नाही. मातीच्या पाट्यांवर तो 'अ-नुन-ना' असा लिहितात. 'अ' म्हणजे पाणी, त्यावरून बीज, संतती; 'नुन' म्हणजे राजस, थोर. म्हणजे थोर कुळातली लेकरं. 'आले' या अर्थाचं क्रियापद तर यात शोधूनही सापडत नाही. येण्या-जाण्याला सुमेरीत 'गेन' असा स्वतंत्र शब्द आहे. शेवटचा 'की'? 'अ-नुन-ना-के-ने' या रूपातला 'के' बहुधा पृथ्वीच्या चिन्हाने लिहीतच नाहीत. तो 'अक' या षष्ठीच्या प्रत्ययातून येतो, आपल्या 'चा-ची-चे'सारखा; पुढचं 'एने' म्हणजे अनेकवचन.

शब्दाआधी ताऱ्याचं चिन्ह असतं, तेच 'अन'चंही चिन्ह. इथे मात्र ते उच्चारायचं नसतं, पुढे देवाचं नाव आहे एवढंच सांगतं.

आणि हे अर्थ कुणा आधुनिक पंडिताच्या कल्पनेतले नाहीत. बॅबिलोनी लेखनिकांनी सुमेरी शब्दापुढे अक्कादी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेतला, अर्थ लिहिलेल्या शब्दयाद्या केल्या होत्या. 'लुगल', शब्दशः 'मोठा माणूस', म्हणजे राजा, हे आपल्याला त्यांच्यामुळेच ठाऊक आहे.