थ्री-जी सेवा, मुंबई व महाराष्ट्र परिमंडळांतील

मोबाइल डेटाची तिसऱ्या पिढीची सेवा. दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने राज्याचे दोन भाग पडतात. मुंबई, नवी मुंबई व कल्याण या टेलिफोन एक्स्चेंजांच्या हद्दीचे मिळून मुंबई परिमंडळ होते, तर उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून महाराष्ट्र परिमंडळ. थ्री-जीच्या इतिहासातील बराच गुंता या सीमारेषेतून निर्माण झाला.

सेवेचा आरंभ केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. दिल्लीत एमटीएनएलने ११ डिसेंबर २००८ रोजी थ्री-जी सुरू केली आणि २००९ मध्ये ती मुंबईत आली. बीएसएनएलनेही त्याच वर्षी इतर परिमंडळांत सुरुवात केली. सरकारी नोंदींचा आधार घेणारे हीच वर्षे धरतात. दुसरा पक्ष आणखी मागे जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आयएमटी-२००० या तिसऱ्या पिढीच्या मानकांच्या कुटुंबात सीडीएमए-२००० या मोबाइल पद्धतीचा समावेश होता. त्यामुळे रिलायन्स व टाटा यांच्या सीडीएमए जाळ्यांना तांत्रिकदृष्ट्या तिसऱ्या पिढीचे म्हणता येते. पण हा युक्तिवाद ताणला तर एज (EDGE) या जीएसएम जाळ्यावरील वेगवान डेटा पद्धतीचाही त्यात समावेश करावा लागतो, कारण त्या कुटुंबातील एक मानक एजवर आधारलेले होते. जीपीआरएस या जीएसएमवरील आधीच्या डेटा पद्धतीत दर चिन्हामागे (लहरीतील प्रत्येक बदलामागे) एक बिट जातो, एजमध्ये लहरीच्या आठ अवस्था वापरल्यामुळे तीन. वाहक (संदेश वाहणारा वारंवारितेचा पट्टा) मात्र २०० किलोहर्ट्झचाच राहतो. म्हणून एजला पुष्कळ जण ‘पावणेतीन पिढी’ म्हणत. प्रस्तुत नोंदीतही ती दुसऱ्या पिढीतच धरली आहे. सामान्य ग्राहकाच्या हाती थ्री-जी पडली ती खासगी कंपन्या उतरल्यावर, म्हणजे २०१०च्या अखेरीपासून पुढे. आरंभ तेथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

२१०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव ९ एप्रिल ते १९ मे २०१० असा ३४ दिवस, १८३ फेऱ्यांत चालला. देशभराच्या एका परवान्याची बोली १६,७५० कोटी रुपयांवर पोहोचली. सरकारी कंपन्यांनी भरायची रक्कम धरून सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. मुंबईत भारती, रिलायन्स व व्होडाफोन यांना, तर महाराष्ट्रात टाटा, आयडिया व व्होडाफोन यांना पट्टे मिळाले. म्हणजे एअरटेलच्या ग्राहकाला मुंबईत थ्री-जी होती, पुण्यात कंपनीचा स्वतःचा स्पेक्ट्रम (वारंवारिता पट्टा) नव्हता. आयडियाचे नेमके उलट. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी आपसांत रोमिंगचे करार केले. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०११ मध्ये ते बेकायदा ठरवले. दूरसंचार लवादाच्या सदस्यांत २०१२ च्या निर्णयात मतभेद झाले आणि एप्रिल २०१४ मध्ये लवादाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. मधल्या काळात ग्राहकाला याची फारशी कल्पना नव्हती. त्याच्या दृष्टीने फोनच्या पडद्यावरील पट्टीवर ‘३जी’ किंवा ‘एच’ हे थ्री-जीचे चिन्ह दिसले की झाले.

प्रत्येक कंपनीला प्रत्येक दिशेला ५ मेगाहर्ट्झ अशा जोडीचा एकच वाहक मिळाला होता. युरोपात दोन-तीन वाहक असणे ही सर्वसामान्य गोष्ट होती. थ्री-जीच्या डब्ल्यूसीडीएमए पद्धतीत एका सेलमधील (एका मनोऱ्याच्या टप्प्यातील) सर्व ग्राहक एकाच वाहकावर असतात आणि एकाचा संदेश दुसऱ्याला गोंगाटच ठरतो. गर्दी वाढली की सेलची व्याप्ती आक्रसते, आणि कडेला असलेला फोन ‘ई’वर, म्हणजे एजवर, घसरतो. एचएसडीपीए या थ्री-जीच्या वेगवान डाउनलोड पद्धतीचा सेकंदाला ३.६ किंवा ७.२ मेगाबिट हा जाहिरातीतील वेग म्हणजे सेल मोकळा असतानाची कमाल मर्यादा. शिवाय २१०० मेगाहर्ट्झचे तरंग ९०० च्या तुलनेत भिंतींत जास्त क्षीण होतात. त्यामुळे जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत गॅलरीत नेट चालायचे आणि आतल्या खोलीत अडायचे. अशा ठिकाणी बॅटरी वाचवण्यासाठी अनेक जण सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त जीएसएम’, म्हणजे टू-जी, निवडत.

एक सोय मात्र नक्की आली. एजवर फोन आला की डाउनलोड थांबत असे. थ्री-जीवर बोलता बोलता ते चालू राहू लागले. व्हिडिओ कॉल जाहिरातींत ठळक असला तरी प्रत्यक्षात मागणी होती ती यूएसबी डोंगलची. जेथे ब्रॉडबँडची तार पोहोचली नव्हती, तेथे संगणकाला जोडण्याचे साधन म्हणजे तेच. ग्रामीण भागातील प्रसाराविषयी विश्वसनीय जिल्हावार माहिती तुटपुंजी आहे.

एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात फोर-जी आणली, आणि त्याच वर्षी पुण्यातही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर थ्री-जीचे आयुष्य आटोपत आले. एअरटेलने २०१९-२० दरम्यान ती देशभर टप्प्याटप्प्याने बंद करून तो पट्टा फोर-जीकडे वळवला. टू-जी मात्र तिच्या मागेही राहिली, कारण साध्या बटणांच्या फोनचे ग्राहक अजून तिच्यावरच बोलतात.