गॅसच्या टाकीतला द्रव

भरलेली गॅसची टाकी जराशी हलवली, तर आत काहीतरी डचमळल्याचं हाताला कळतं. आपण त्याला गॅस म्हणतो खरं, पण टाकीत असतो तो बहुतांशी द्रव. घरगुती टाकीत १४.२ किलो एलपीजी भरतात. टाकीत एकूण जागा साधारण ३३ लिटरची. त्यातली २६ लिटरच्या आसपास जागा द्रव व्यापतो, वरच्या जागेत त्याच पदार्थाची वाफ असते आणि शेगडीपर्यंत पोचते ती ही वाफ. शाळेत पदार्थाच्या अवस्था शिकवताना बर्फ, पाणी आणि वाफ हे उदाहरण ठरलेलं असतं. ते चांगलंच आहे. पण मला टाकीचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं, कारण इथे द्रव आणि वायू एकाच भांड्यात, एकाच तापमानाला शेजारी नांदतात.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. उघड्यावर ठेवले तर आपल्याकडच्या हवेत दोघेही वायूच होणार. टाकीत ते द्रव राहतात ते केवळ दाबामुळे. हा द्रव बाहेर येऊन वायू झाला की सुमारे २५० पट जागा घेतो. म्हणजे एका भरल्या टाकीतून साडेसहा हजार लिटरच्या घरात वायू निघतो! इथे मुलांचा एक गैरसमज हमखास होतो. त्यांना वाटतं की तापल्यावर कण स्वतःच फुगतात. रेणू तसूभरही फुगत नाही. वाढतं ते दोन रेणूंमधलं अंतर, आणि तेही वाटतं तेवढं नाही. जागा लांबी, रुंदी, उंची अशी तिन्हीकडे वाढते आणि २५० चं घनमूळ साधारण ६.३ येतं, म्हणजे अंतर जेमतेम सहा पट होतं. द्रवात रेणू एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्यातलं आकर्षण त्यांना धरून ठेवतं. सहा पट अंतरावर त्या आकर्षणाचा प्रभाव जवळजवळ उरत नाही. पदार्थ तोच, रेणूही तेच, पण एकाला आपण द्रव म्हणतो आणि दुसऱ्याला वायू.

बंद टाकीत द्रवाच्या पृष्ठभागावर अखंड ये-जा चालू असते. जास्त वेगाचे रेणू आकर्षण तोडून वर वाफेत जातात, वाफेतले काही द्रवावर आदळून परत आत येतात. जितके जातात तितकेच येऊ लागले की वाफेचा दाब ठरून जातो. तो किती असेल हे तापमानावर ठरतं, द्रव किती शिल्लक आहे यावर नाही. २५ अंशांना नुसत्या ब्यूटेनचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे अडीच पट असतो, नुसत्या प्रोपेनचा नऊ पटींहून अधिक. मिश्रणाचा यांच्या मधे कुठेतरी. शेगडी पेटवली की वरची वाफ निघून जाते, परतणारे रेणू कमी होतात, मग द्रवातून आणखी रेणू वर येतात आणि तूट भरून निघते. म्हणून टाकी अर्धी असो की पाव, ज्योत तशीच राहते, आणि ‘गॅस संपला’ हे भाजी अर्धी शिजल्यावरच कळतं. प्रोपेन आधी जास्त प्रमाणात निघून जातो, त्यामुळे शेवटी शेवटी ब्यूटेनचा वाटा वाढतो आणि दाब थोडा उतरतो. निफाडसारख्या ठिकाणी थंडीतल्या पहाटे संपत आलेल्या टाकीचा जोर कमी वाटतो त्यामागे हेही एक कारण आहे.

वाफ होताना वेगवान रेणू निघून जातात. मागे उरतात ते मंद, म्हणून द्रव थंड होतो. वाफ होण्यात द्रवाची जी उष्णता अशी खर्च होते, तिलाच अप्रकट उष्मा म्हणतात. घरच्या शेगडीला हे जाणवत नाही, कारण पत्र्यातून बाहेरची उष्णता आत येत राहते. लग्नघरी आचाऱ्याच्या मोठ्या भट्टीला जोडलेली टाकी मात्र बघा. द्रवाच्या पातळीपर्यंत बाहेरून दव धरतं, कधी कधी तर पांढरा बर्फ साचतो, आणि ज्योत मलूल होते. आत माल असूनही पुरेशी वाफ होत नाही. अशा वेळी टाकी आडवी करणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नये. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो, आणि त्या द्रवाचा बाहेर पडताच २५० पट वायू होतो.

पातळी ओळखण्याची घरगुती युक्तीही याच तत्त्वावर चालते. ओल्या फडक्याने टाकीवर वरून खाली एक पट्टा ओढा. वरचा भाग लवकर सुकतो. खाली, जिथे आत द्रव आहे तिथे ओल जास्त वेळ टिकते, कारण द्रव थंड असतो आणि त्याला तापायला उष्णताही जास्त लागते. सुकं आणि ओलं जिथे वेगळं होतं, ती द्रवाची पातळी.

मग रिक्षातला सीएनजी का द्रव होत नाही? त्याच्या टाकीत तर हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाब असतो. याचं उत्तर बेलफास्टच्या थॉमस अँड्रूज यांनी १८६९ मध्ये दिलं. कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करताना त्यांना दिसलं की ३१ अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. रेणूंची धावपळच इतकी वाढलेली असते की जवळ आणूनही आकर्षण त्यांना बांधू शकत नाही. या सीमेला क्रांतिक तापमान म्हणतात. प्रोपेनचं ते ९७ अंश आहे, ब्यूटेनचं १५२, म्हणून आपल्या हवेत दोघेही दाबाला नमतात. सीएनजीतल्या मिथेनचं आहे उणे ८२ अंश. मुंबईच्या काय, काश्मीरच्या हिवाळ्यातही नुसत्या दाबाने त्याचा द्रव होणार नाही. त्यामुळे रिक्षाच्या टाकीत सगळा वायूच, आणि जसा वापरला जातो तसा दाबाचा काटा खाली येतो. ऑफिसातल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यावर मात्र असा काटा नसतो. त्यातही द्रव असतो, दाबावरून किती उरलं ते कळत नाही, म्हणून ते वजन करूनच तपासतात, आपल्या टाकीसारखं. नागपूरच्या मे महिन्यात त्या नळकांड्याच्या आत द्रव आणि वायू हा भेदच उरत नसणार, हे मला फार विलक्षण वाटतं.

एक गोष्ट मात्र थेट सुरक्षिततेची आहे. सारख्या दाबाला आणि तापमानाला सारख्या जागेत कोणत्याही वायूचे रेणू साधारण सारखेच असतात, त्यामुळे ज्याचा रेणू जड तो वायू जड. हवेच्या रेणूंचं सरासरी वस्तुमान २९, प्रोपेनचं ४४, ब्यूटेनचं ५८, मिथेनचं फक्त १६. गळालेला एलपीजी जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असल्याने छताकडे जातो. म्हणून टाकी असलेल्या स्वयंपाकघरात हवेला वाट खालून हवी, पाइपचा गॅस असेल तिथे वरून. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तो वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका (चालू असेल ते चालू राहू दे, बंद असेल ते बंद) आणि घराबाहेर पडून १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.